घर आणि बाजार : चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ आज विकत का घ्यायचा?

या सदरात आपण आजवर कुकर, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, गाद्यांचा कापूस अशा कितीतरी वस्तूंची पारख केली. आजचा विषय ऐकून काही जणी नाक मुरडतील. विषय आहे व्हिडिओ गेमचा. पण गेल्या काही महिन्यांत एकाच तऱ्हेची पत्रं येताहेत, आणि त्यांत खेळापेक्षा संसाराचीच गोष्ट जास्त आहे. म्हणून आजचं पान त्याला दिलं आहे.

इचलकरंजीच्या एक भगिनी लिहितात :

‘धाकट्या दिरांनी दुबईहून निन्टेंडो स्विच नावाचं खेळाचं यंत्र आणलं. मुलांसाठी म्हणून आणलं, पण त्याला चिकटून बसतात ते आमचे यजमान. वय वर्षं ४५. मागच्या महिन्यात त्यांनी “डाँकी काँग” नावाचा खेळ विकत घेतला. सातशे रुपयांच्या आसपास पडला म्हणे. माझ्या माहेरी भावाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, त्याच्या एका कॅसेटमध्ये हा खेळ होता आणि आणखी पन्नास होते. तोच खेळ, तेच माकड, तीच पिंपं. मग एकट्याचे सातशे का मोजायचे? मी विचारलं तर म्हणाले, “तुला नाही कळायचं.” त्यावरून दोन दिवस अबोला झाला. वर आमची सहा वर्षांची मुलगी विचारते, “आई, ती बाई वरती नुसती ओरडतच का बसते?” मी काय सांगू?’

ताई, तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पैसे वाया गेले का, हा पहिला. ‘तुला नाही कळायचं’ हे खरं का, हा दुसरा. आणि तिसरा मुलीचा. तिन्हींची उत्तरं देते. दुसऱ्याचं आधी आणि थोडक्यात : कळण्यासारखं आहे, अगदी सहज कळण्यासारखं आहे. पुढचं वाचून झालं की तुम्हीच यजमानांना चार गोष्टी सांगाल.

तोच खेळ नव्हे

डाँकी काँग हा मुळात घरात खेळायचा खेळ नव्हताच. तो गेम पार्लरचा. कपाटाएवढं उभं यंत्र, त्यात पडदा, खाली एक दांडा आणि उडीचं बटण. नाणं टाकायचं आणि तीन ‘जीव’ संपेपर्यंत खेळायचं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं तो जुलै १९८१ मध्ये बाजारात आणला. लोखंडी मजल्यांच्या शिड्या चढत एक मिशीवाला सुतार वर जातो, वरून एक दांडगा वानर पिंपं गडगडत सोडतो, आणि सगळ्यांत वर त्या सुताराची मैत्रीण अडकलेली असते. एवढीच गोष्ट. पण त्याआधीच्या बहुतेक खेळांत गोष्टच नसायची, नुसती गोळाबारी असायची.

मूळ खेळात चार टप्पे आहेत. पहिल्यात पिंपं, दुसऱ्यात सिमेंटच्या घमेल्यांचे सरकते पट्टे, तिसऱ्यात वरखाली जाणारे पाळणे आणि चौथ्यात इमारतीचे खिळे उपटून वानराला खाली पाडायचं. उंची दाखवायला २५, ५०, ७५ आणि १०० मीटर असे आकडे दिलेले आहेत.

१९८३ मध्ये निन्टेंडोनं घरगुती यंत्र काढलं तेव्हा हा खेळ कॅसेटमध्ये बसवला. पण कॅसेटमध्ये जागा अपुरी, म्हणून ५० मीटरचा टप्पा गाळून टाकला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ज्या नकली यंत्रांच्या आणि ‘इतक्या खेळांची एक कॅसेट’ म्हणून मिळणाऱ्या कॅसेटी घरोघर आल्या, त्यांत हाच घरगुती अवतार होता. तेव्हा तुमच्या भावाकडचा खेळ तीन टप्प्यांचा. यजमानांनी घेतला असेल तो चार टप्प्यांचा. लहानपणी जेवढा वाढला तेवढाच स्वयंपाक आहे असं समजून आपण उठलो आणि पातेल्यात एक पदार्थ झाकून राहिला, तसं झालं.

‘असेल’ असं मी मुद्दाम म्हटलं. कारण निन्टेंडो स्विचवर हे दोन्ही अवतार मिळतात. घरगुती अवतार कंपनीच्या वार्षिक वर्गणीत इतर जुन्या खेळांबरोबर येतो. अमेरिकेत ही वर्गणी एकट्या माणसासाठी १९.९९ डॉलर आहे, आणि वर्गणी थांबली की खेळ थांबला. मूळ पार्लरचा अवतार मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो. ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ नावाच्या मालेत हॅम्स्टर या जपानी कंपनीनं तो जून २०१८ मध्ये काढला. किंमत ७.९९ डॉलर, म्हणजे तुम्ही लिहिता त्याच्या जवळपास. तेव्हा यजमानांनी बहुधा खराखुरा मूळ खेळच घेतला आहे.

सदतीस वर्षं कुठे होता?

आता तुमच्या मनात येईल, १९८१ चा खेळ मूळ रूपात घरी यायला २०१८ का उजाडलं? एवढी प्रसिद्ध वस्तू कंपनीनं आधीच का नाही विकली? इथेच खरी गोष्ट आहे, आणि ती बायकांना चटकन उमगेल अशी आहे.

१९८० साली निन्टेंडोनं ‘रडार स्कोप’ नावाचा खेळ काढला. अमेरिकेसाठी त्याची ३,००० यंत्रं केली, त्यांतली जेमतेम १,००० खपली. २,००० यंत्रं सिॲटलजवळच्या गोदामात पडून. कंपनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा हे मालक हिरोशी यामाउची यांचे जावई. त्यांनी सासऱ्यांना गळ घातली की याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ द्या. काम गेलं शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराकडे. त्यानं याआधी स्वतः कल्पना करून एकही खेळ रचलेला नव्हता, आणि प्रोग्रॅम लिहिणं हे तर त्याचं कामच नव्हतं. त्यानं गोष्ट रचली, चित्रं काढली. सुताराला टोपी दिली, कारण एवढ्याशा ठिपक्यांत उडणारे केस दाखवता येईनात. मिशी दिली, कारण नाकाखाली तोंड काढायला ठिपकेच उरले नाहीत. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभर ओळखली गेली. हाच तो मारिओ.

अमेरिकेत नवे सुटे भाग येऊन पोचले तेव्हा ती यंत्रं उघडून, जुने भाग काढून नवे बसवायला माणसं होती मोजकी पाच-सहा. त्यांत अराकावांच्या पत्नी योको याही होत्या. मालकाची मुलगी, प्रमुखाची बायको, आणि गोदामात बसून यंत्रं दुरुस्त करतेय. संसार सावरायचा म्हटलं की कोण कुठल्या कामाला लागेल सांगता येत नाही, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

याच गोदामातून दोन नावंही आली. सुताराला मारिओ हे नाव मिळालं ते गोदामाचे घरमालक मारिओ सेगाली यांच्यावरून. आणि जपानमध्ये जिला नुसतं ‘लेडी’ म्हणत, त्या अडकलेल्या बाईला पॉलिन हे नाव मिळालं ते गोदामाचं काम पाहणाऱ्या डॉन जेम्स यांच्या पत्नी पॉली यांच्यावरून.

आता कळीचा मुद्दा. चित्रं आणि कल्पना मियामोटोची, पण खेळाचा प्रोग्रॅम लिहिला तो निन्टेंडोच्या माणसांनी नव्हे. तो लिहिला इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्याच कंपनीच्या तंत्रज्ञांनी. त्यांची नावं पडद्यावर नव्हती. पण प्रोग्रॅमच्या आत, खेळताना कधीच दिसणार नाही अशा जागी, त्यांनी आपल्या कंपनीचं नाव आणि चक्क फोन नंबर लिहून ठेवला होता. शिवणाऱ्या बाईनं ब्लाउजच्या आतल्या दुमडीवर दोऱ्यानं स्वतःची खूण करावी तसा. पुढे इकेगामीचं म्हणणं पडलं की आमच्याकडून घेतलेल्या भागांखेरीज निन्टेंडोनं परवानगी न घेता हजारो नकला करून विकल्या. १९८३ मध्ये इकेगामीनं दावा लावला. तो चालला सात वर्षं, आणि १९९० मध्ये कोर्टाबाहेर समेट होऊन मिटला. काय ठरलं ते बाहेर आलं नाही.

त्यानंतरही मूळ खेळ स्वतंत्रपणे घरगुती यंत्रावर आला नाही. १९९९ च्या ‘डाँकी काँग ६४’ या दुसऱ्या खेळाच्या पोटात तो दडवून ठेवला होता, तेवढाच. कंपनीनं कारण कधी जाहीर सांगितलं नाही. पण जाणकार बोट दाखवतात ते याच वादाकडे : ज्याच्या मालकीबद्दल भांडण झालं ती वस्तू पुन्हा बाजारात मांडायची कशी? वडिलोपार्जित घराच्या सात-बारावर दोन नावं असली की घर पडून राहतं, कुणी राहतही नाही आणि विकतही नाही. तसंच हे.

दुसराही एक खटला झाला होता, तो मात्र निन्टेंडोनं जिंकला. ‘किंग काँग’ या सिनेमाची नक्कल केली म्हणून अमेरिकेच्या युनिव्हर्सल स्टुडिओनं १९८२ मध्ये कोर्टात खेचलं. पण किंग काँगची गोष्ट कुणा एकाच्या मालकीची नाही, असं याच स्टुडिओनं सत्तरीच्या दशकात दुसऱ्या खटल्यात स्वतः मांडलं होतं. १९८३ च्या डिसेंबरात निकाल निन्टेंडोच्या बाजूनं लागला. दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी आपलं जुनं बोलणं आठवावं, एवढाच बोध.

जुना खेळ नव्या यंत्रावर कसा येतो?

‘जुनाच तर खेळ, नव्या यंत्रात टाकायला काय लागतं?’ असं वाटणं साहजिक आहे. पण जुनं यंत्र आणि नवं यंत्र यांची भाषाच वेगळी. जुन्या यंत्राच्या चिप्समधला प्रोग्रॅम जसाच्या तसा वाचून घेतात. मग नव्या यंत्रासाठी एक दुसरा प्रोग्रॅम लिहितात, जो त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. आपल्या बहुरूप्यासारखाच तो. जुन्या खेळाला वाटतं आपण अजून त्याच कपाटात आहोत. सोंग जितकं चोख, तितका खेळ खरा. आवाज अर्धा क्षण उशिरा आला किंवा उडी किंचित मागे पडली, की जुन्या खेळाडूला लगेच कळतं. सासूबाईंच्या हातची आमटी आणि आपली आमटी यांतला फरक घरच्या माणसाला पहिल्या घासाला कळतो ना, तसं.

सोंग चोख असलं की गुणांबरोबर दोषही येतात. या खेळाच्या २२ व्या फेरीत एक गंमत आहे. फेरीसाठी किती वेळ द्यायचा हे यंत्र असं ठरवतं : फेरीच्या आकड्यात ४ मिळवायचे आणि १० ने गुणायचं. २२ व्या फेरीला येतात २६०. पण त्या यंत्राच्या एका खणात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. २५६ गळून पडतात आणि उरतात ४. परिणाम असा की काही सेकंदांत वेळ संपते आणि कितीही पटाईत खेळाडू असला तरी सुतार मरतो. पार्लरमध्ये इथवर पोचणारे विरळाच, म्हणून ही चूक तेव्हा राहून गेली. मूळ प्रोग्रॅम तोच असल्यामुळे ती आजही तशीच राहते, आणि हौशी लोकांना ती तशीच हवी असते.

तीन तऱ्हा

जुने खेळ आज तीन तऱ्हांनी विकले जातात. दुकानात साडी घेताना जसं पोत विचारतो, तसं हे विचारून घ्यावं. आजीच्या पैठणीचं उदाहरण घेऊ.

पहिली तऱ्हा : पैठणी धुऊन, इस्त्री करून तशीच नेसायची. म्हणजे मूळ खेळ जसाच्या तसा. आपला डाँकी काँग या तऱ्हेचा. एकच खेळ मिळतो, किंमत कमी.

दुसरी : घरातल्या सगळ्या जुन्या साड्या एका पेटीत, सोबत कुणी कधी नेसली त्याचे फोटो. म्हणजे संग्रह. २०२२ मध्ये ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ या कासवांच्या मारामारीच्या खेळांचा असा संग्रह निघाला. कोनामी कंपनीचे १३ जुने खेळ एकत्र, आणि जोडीला जुनी चित्रं नि कागदपत्रं. चुकलं की खेळ थोडा मागे फिरवून घेण्याची सोयही त्यात आहे. किंमत सुरुवातीला ३९.९९ डॉलर. मुलं जास्त असतील तर हा हिशेब परवडतो.

तिसरी : पैठणीचा परकर-पोलका शिवायचा. म्हणजे जुन्या कल्पनेवर नवा खेळ. कॅपकॉम कंपनीच्या १९८५ च्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’चा २०२१ मध्ये असा नवा अवतार आला, आणि तो घडवायला मूळ खेळ करणारे तोकुरो फुजिवाराच पुन्हा बसले. दिसायला देखणा, पण हे जुनं नाणं नव्हे. यजमानांना लहानपणीचंच हवं असेल तर ही तऱ्हा घेऊन पस्तावतील.

मग पैसे वाया गेले का?

माझं मत सरळ सांगते. सातशे रुपये ही आपल्यासारख्या घरात दुर्लक्ष करण्यासारखी रक्कम नाही. तेवढ्यात महिन्याचं दूध नाही तरी भाजी निघते. पण घरातल्या चौघांनी सिनेमा पाहून येताना जे पैसे जातात, त्यापेक्षा हे जास्त नाहीत, आणि खेळ पुन्हा पुन्हा खेळता येतो. तेव्हा हा एक खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. उधळपट्टी होते ती पुढे. जुने खेळ स्वस्त म्हणून दर आठवड्याला एक घेत गेलं की. ही माला चालवणारी कंपनी जवळजवळ दर आठवड्याला एक नवीन जुना खेळ काढत आली आहे. सेलमधल्या प्लॅस्टिकच्या डब्यांसारखं होतं मग, घर भरतं आणि झाकणं सापडत नाहीत.

शिवाय एक गोष्ट यजमानांच्या बाजूनं बोलते. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळतच नाहीत. मालकीचे वाद, बंद पडलेल्या कंपन्या, हरवलेले प्रोग्रॅम अशी कारणं अनेक. म्हणजे जुना खेळ रीतसर मिळणं हे शंभरात तेराचं भाग्य. नकली कॅसेट स्वस्त होती खरी, पण तिच्यातला पैसा करणाऱ्यांपर्यंत कधी पोचलाच नाही. आपण घरी पापड-लोणची करून विकणाऱ्या बायका. आपल्या लोणच्यावर दुसऱ्यानं चिठ्ठी चिकटवून विकलं तर काय वाटेल, याचा विचार करून पाहा.

मुलीचा प्रश्न

आता त्या छोटीच्या प्रश्नाकडे वळू. मला तुमच्या पत्रात हाच सगळ्यांत मोलाचा वाटला. ‘बाई वरती नुसती ओरडतच का बसते?’

ताई, हा प्रश्न तुमच्या मुलीच्या आधी दुसऱ्या एका मुलीनं विचारला होता. अमेरिकेत माइक मिका नावाचे खेळ तयार करणारे गृहस्थ आहेत. त्यांची तीन वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर हाच डाँकी काँग, घरगुती अवतारातला, खेळत असे. तिनं विचारलं की मला मुलगी होऊन खेळता येईल का, त्या सुताराला मीच वाचवीन. दुसऱ्या कुणी ‘नाही ग, खेळच तसा आहे’ म्हणून विषय संपवला असता. या बापानं २०१३ च्या मार्चमध्ये रात्र जागून खेळाचा प्रोग्रॅम उघडला आणि अदलाबदल केली. शिड्या चढते ती पॉलिन, आणि वरती अडकून बसला तो मारिओ. पडद्यावर मारिओच्या नावाचं ‘एम’ असे, तिथे पॉलिनचं ‘पी’ घातलं. हा काही कंपनीनं काढलेला खेळ नव्हता, घरच्या मुलीसाठी केलेला होता. पण ही बातमी जगभर गेली.

निन्टेंडोनंही पॉलिनला कायमची वर बसवून ठेवली नाही. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ या खेळात ती एका मोठ्या शहराची महापौर आहे, आणि उत्सवात गाणंही म्हणते. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘डाँकी काँग बनान्झा’ या खेळात तर ती तेरा वर्षांची मुलगी आहे आणि त्याच वानराच्या पाठीवर बसून त्याला मदत करते.

तेव्हा छोटीला असं सांगा : ‘ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा गोष्टी करणाऱ्यांना एवढंच सुचलं. नंतर त्या बाईनं काय काय केलं ते मी तुला सांगते.’ जुनी गोष्ट जशीच्या तशी जपावी, पण मुलीला सांगताना पुढचा भाग गाळू नये.

घरात यंत्र असेल तर एवढं करा

१. विकत घेण्याआधी कुठला अवतार आहे ते वाचा. डाँकी काँगच्या पार्लर-अवतारात तीन आवृत्त्या मिळतात, दोन जपानी आणि एक अमेरिकेसाठीची. अमेरिकी आवृत्तीत पहिल्या फेरीत पहिला आणि शेवटचा टप्पाच येतो, गाळलेला ५० मीटरचा टप्पा पाहायला तिसऱ्या फेरीपर्यंत टिकावं लागतं. जपानी आवृत्तीत चारही टप्पे ओळीनं येतात. कॅसेटमध्ये जे कधी दिसलं नाही ते पाहायचं तर जपानी लावा.

२. खेळ अवघड वाटला तर हिरमुसू नका. पार्लरचे खेळ मुद्दाम अवघड असत, कारण माणूस लवकर हरला की पुढचं नाणं पडतं. घरी नाणं पडत नाही. ‘सेटिंग’मध्ये जाऊन ‘जीव’ वाढवून घेता येतात. मुलांसाठी तसंच करा.

३. मध्येच उठावं लागलं तर खेळ तिथेच राखून ठेवण्याची सोय आहे. ‘आत्ता उठता येत नाही’ ही सबब पार्लरमध्ये खरी होती, घरी ती चालू देऊ नका.

४. या मालेतल्या खेळांत पाच मिनिटांचा एक प्रकार असतो, ‘कॅराव्हॅन मोड’. पाच मिनिटांत जास्तीत जास्त गुण करायचे, की खेळ संपला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ. मुलांना पाळीपाळीनं खेळवायला याच्यासारखं साधन नाही, भांडणं निम्म्यानं कमी होतात.

५. पार्लरचा पडदा उभा असे, आपला टीव्ही आडवा. दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी दिसली तर बिघाड समजून कारागिराला बोलावू नका. उडी मागे पडतेय असं वाटलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ आहे का ते पाहा. बहुतेक नव्या टीव्हींवर असतो.

६. यंत्रावर कार्डाचा नंबर कायमचा साठवून ठेवू नका. खरेदीला पिन लावा, आणि तो पिन मुलांच्या वाढदिवसाचा नको. निन्टेंडो स्विचला मोबाइलवरून पालकांचा अंकुश ठेवता येतो. रोज किती वेळ खेळायचं ते त्यात ठरवून देता येतं.

७. डाउनलोड केलेला खेळ म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे. कंपनीनं दुकान बंद केलं की नवी खरेदी संपली. निन्टेंडोच्या वी यू आणि थ्री डीएस या जुन्या यंत्रांचं दुकान २७ मार्च २०२३ रोजी असंच बंद झालं. म्हणून खातं घरातल्याच माणसाच्या नावानं असू द्या, आणि त्याचा पासवर्ड घराच्या कागदपत्रांच्या वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या खात्यावरचा ‘स्वस्त’ खेळ घेऊ नका.

८. खेळांसाठी महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि तो किराणाच्या यादीत लिहा. लिहिलेल्या खर्चावरून अबोला होत नाही.

आणि ताई, शेवटची एक सूचना. ‘तुला नाही कळायचं’ याला शब्दानं उत्तर देऊ नका. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की यजमानांना म्हणा, ‘जपानी आवृत्ती लावा, मला सिमेंटच्या पट्ट्यांचा टप्पा पाहायचाय, आमच्या कॅसेटमध्ये तो नव्हता.’ आणि दांडा स्वतःच्या हातात घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा पिंपाखाली सापडाल. चौथ्यांदा नाही सापडणार. छोटीला शेजारी बसवा, तिची पाळी तिला द्या. मग कळवा कोणी किती मीटर गाठले ते.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात कडधान्यांना भुंगा लागू नये म्हणून काय करावं. आपले घरचे उपाय पत्रानं जरूर कळवा. पाकिटावर ‘घर आणि बाजार’ असं लिहायला विसरू नका.